क्लच खोलून बघणारा ट्रॅक्टरवाला: फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनी

लॅम्बोर्गिनीचा वॉलपेपर लावलेला फोन तुमच्या ग्रुपमध्ये एकाकडे तरी असणारच. आणि ती ट्रॅक्टरवाल्याची गोष्टसुद्धा बहुतेकांनी ऐकलेली असते, कारण रीलमध्ये ती तीस सेकंदांत सांगून होते. शेतकऱ्याच्या पोरानं फेरारी घेतली, तक्रार केली, फेरारीनं अपमान केला, पोरानं स्वतःची कंपनी काढली. विषय संपला.

मला मात्र त्या अपमानापेक्षा तक्रारीत जास्त रस आहे. तक्रार होती क्लचची. क्लचमध्ये नेमकं काय चुकतंय हे त्या माणसाला गाडीच्या कंपनीच्या बरोबरीनं कसं काय कळलं, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही. मी पोटासाठी कोड लिहितो, पण डिग्री मेकॅनिकलची आहे, त्यामुळे क्लचवर थोडा जास्त वेळ घेणार आहे. चालवून घ्या.

फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनीचा जन्म 28 एप्रिल 1916 चा. गाव रेनात्सो, इटलीच्या उत्तरेकडच्या एमिलिया-रोमान्या भागातलं, चेंतो शहराजवळचं. घरची शेती, द्राक्षं. मोठ्या मुलानं शेती सांभाळावी अशी घरच्यांची अपेक्षा असणार, पण पोराचं लक्ष शेतातल्या पिकापेक्षा शेतातल्या यंत्रांकडे. शेवटी बोलोन्याजवळच्या एका तांत्रिक शाळेत तो शिकला. 1940 मध्ये दुसऱ्या महायुद्धासाठी इटलीच्या हवाई दलात भरती झाला. पायलट म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून. पोस्टिंग मिळालं ऱ्होड्स बेटावर, जे तेव्हा इटलीच्या ताब्यात होतं.

ही ऱ्होड्सची वर्षं मला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटतात. बेट म्हणजे चारही बाजूंनी पाणी, त्यात युद्ध. स्पेअर पार्ट मागवले आणि आठवड्यात आले असं होत नाही. ट्रक बंद पडला तर दुसऱ्या बंद पडलेल्या ट्रकमधून पार्ट काढायचा, तो बसत नसेल तर घासून बसवायचा. वाहन दुरुस्ती विभागाचा तो प्रमुख झाला. अशा ठिकाणी माणूस एक गोष्ट शिकतो जी कॉलेजमध्ये शिकवत नाहीत: पार्टवर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते विसरायचं आणि तो काय काम करतो ते बघायचं. कुठला बेअरिंग कुठल्या शाफ्टवर चालेल, कुठली प्लेट कुठल्या इंजिनला पुरेल, हे डोक्यात बसून जातं. बेट इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर तो युद्धकैदी झाला आणि 1946 मध्ये घरी परतला.

घरी आल्यावर गॅरेज टाकलं. 1947 मध्ये मुलगा तोनिनो जन्मला आणि त्याच बाळंतपणात बायको क्लेलिया गेली. 1948 मध्ये त्यानं स्वतः बदल केलेली छोटी फियाट तोपोलिनो घेऊन मिल्ले मिलिया या हजार मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीत भाग घेतला. साधारण 1,100 किलोमीटर गेल्यावर गाडी एका खाणावळीच्या भिंतीवर आदळली आणि शर्यत तिथंच संपली. पुढं कंपनी काढल्यावर त्यानं शर्यतीच्या भानगडीत पडायला कायम नकार दिला, त्याचं एक कारण हे असावं असं मला आपलं वाटतं.

खरा पैसा आला तो ट्रॅक्टरमधून. युद्धानंतर इटलीत शेतकऱ्याला ट्रॅक्टर हवा होता, पण नवीन परवडत नव्हता. दुसरीकडे सैन्यानं मागं सोडलेल्या गाड्यांचे ढीग पडून होते. फेरुच्चिओनं त्यातलीच मॉरिस ट्रकची सहा सिलिंडरची पेट्रोल इंजिनं उचलली आणि त्यावर ट्रॅक्टर बांधला. नाव ठेवलं कारिओका. पेट्रोल तर महाग. म्हणून त्यानं इंधनाची वाफ करणारं एक उपकरण जोडलं: इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं आणि गरम झालं की स्वस्त डिझेलवर टाकायचं. एकदम जुगाड म्हणा हवं तर, पण हा जुगाड विकला गेला. 1948 मध्ये ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली, पुढच्या दहा वर्षांत ती इटलीतल्या मोठ्या ट्रॅक्टर कंपन्यांमध्ये गणली जाऊ लागली आणि त्यानंतर तेलावर चालणाऱ्या बर्नरचा आणि एअर कंडिशनिंगचा धंदाही सुरू झाला.

पैसा आला की गाड्या येतात. मर्सिडीज 300 एसएल, जॅग्वार ई-टाइप, मासेराती असं सगळं त्याच्या गॅरेजमध्ये येऊन गेलं. 1958 मध्ये आली फेरारी 250 जीटी. नंतर आणखी फेरारी आल्या. गाडी त्याला आवडायची, पण ती रस्त्यासाठी नीट न सजवलेली शर्यतीची गाडी आहे असं त्याचं मत होतं: आत आवाज फार, सर्व्हिस रडकी. आणि क्लच परत परत जायचा. गाडी मारानेल्लोला फेरारीच्या कारखान्यात न्यायची, तिथं ती आत घेऊन जायचे, मालक बाहेर थांबायचा, काम झाल्यावर गाडी परत मिळायची. पुन्हा काही महिन्यांनी तेच.

आता क्लच.

इंजिन सतत फिरत असतं, चाकं कधी फिरतात कधी थांबतात. या दोघांना जोडायचं आणि सोडायचं काम क्लच करतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील म्हणजे जड लोखंडी चकती असते. तिला चिकटून क्लच प्लेट, जिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं फेसिंग असतं. तिच्या मागं प्रेशर प्लेट, जी स्प्रिंगच्या जोरावर क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. तुम्ही पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढं सरकतो, स्प्रिंगचा दाब निघतो आणि प्लेट मोकळी होते. बस, एवढंच. तुमच्या बाइकमध्येही हेच आहे, फक्त तिथं छोट्या छोट्या बऱ्याच प्लेटा असतात आणि त्या बहुतेक वेळा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात.

क्लच किती ताकद पेलू शकतो हे चार गोष्टींवर ठरतं: फेसिंगचं घर्षण, स्प्रिंगचा दाब, घासणाऱ्या बाजू किती आणि प्लेटची त्रिज्या. स्प्रिंग कडक केली तर पेडल दाबताना पाय दुखतो. त्यामुळे त्रिज्या वाढवणं हा सगळ्यात साधा उपाय. तेवढ्याच दाबात प्लेट 10 टक्के मोठी घेतली तर ताकदही साधारण 10 टक्के जास्त पेलली जाते, शिवाय उष्णता पसरायला जागा मिळते. पण प्लेट मोठी म्हणजे जड, आणि जड प्लेटनं गिअर पटकन पडत नाहीत. शर्यतीतल्या माणसाला छोटी प्लेट हवी असते. ती लवकर गेली तरी चालतं, शर्यत संपली की मेकॅनिक बदलणारच असतात. शेतकऱ्याला नेमकं उलटं हवं असतं. नांगर अडकला, ट्रॅक्टर रुतला, तरी दिवसभर क्लच टिकला पाहिजे.

क्लच घसरायला लागला की काय होतं त्याचं एक गणित करून बघा. इंजिन 200 न्यूटन-मीटर टॉर्क देतंय आणि फ्लायव्हील व प्लेट यांच्या वेगात मिनिटाला 1,000 फेऱ्यांचा फरक आहे. तर सुमारे 21 किलोवॅट ताकद नुसती उष्णतेत जाते. म्हणजे 2 किलोवॅटचे दहा गिझर एका जेवणाच्या ताटाएवढ्या चकतीवर लावल्यासारखं. हाफ क्लचवर घाटात गाडी धरून ठेवली की जो जळका वास येतो, तो या गिझरचा.

जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच गेलाय की नाही हे आजही तसंच ओळखतात जसं फेरुच्चिओच्या काळात ओळखायचे. वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि गाडी मात्र तशीच रेंगाळली, तर प्लेट घसरतेय. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच गाडी उचल खात असेल तर फेसिंग झिजलंय. उठताना गाडी थरथरत असेल तर प्लेटवर ऑइल आलेलं असू शकतं, आणि मग नुसती प्लेट बदलून काही होत नाही. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील गळतंय का ते बघावं लागतं, नाहीतर नवी प्लेटही महिन्याभरात तेलकट होते. पेडल दाबल्यावरच किर्र आवाज येतो आणि सोडल्यावर बंद होतो, तर संशय रिलीज बेअरिंगवर.

एक गोष्ट मात्र जुना मेकॅनिक हमखास सांगेल आणि ती ऐकावी. गिअरबॉक्स एकदा खाली उतरवला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदलायचे. यात पार्टपेक्षा मजुरी महाग असते. पाचशे रुपयांचा बेअरिंग वाचवायला जाऊन दोन महिन्यांनी अख्खा गिअरबॉक्स परत उतरवणं यात शहाणपणा नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर तीही लेथवर घासून घ्यायची, किंवा फारच असेल तर बदलायची.

तर परत मारानेल्लोकडे. कंटाळून फेरुच्चिओनं एकदा क्लच आपल्याच ट्रॅक्टरच्या कारखान्यात खोलायला लावला. पुढं काय झालं याच्या दोन आवृत्त्या फिरतात. एका आवृत्तीत फेरारीतला क्लच हा त्याच्या ट्रॅक्टरमध्ये बसतो तोच निघाला. दुसरीत तो क्लच त्या इंजिनासाठी लहान होता आणि त्यानं ट्रॅक्टरच्या स्टोअरमधला मोठा काढून बसवला. मला इंजिनिअर म्हणून दुसरी जास्त पटते. पण दोन्हींत मूळ मुद्दा एकच आहे: झाकण उघडल्यावर आत जे होतं ते त्याच्या ओळखीचं होतं. क्लच बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात, त्या ट्रॅक्टरवाल्यालाही माल देतात आणि स्पोर्ट्स कारवाल्यालाही. लाखभराच्या फोनमधला आणि पंधरा हजारांच्या फोनमधला कॅमेरा सेन्सर एकाच कारखान्यातून आलेला असू शकतो, तसंच.

मग तो एन्झो फेरारीला भेटला आणि क्लचबद्दल बोलला. फेरुच्चिओनं नंतर मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे एन्झोनं त्याला ऐकवलं की दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे, तू आपला ट्रॅक्टर चालव. हा प्रसंग आपल्यापर्यंत आला तो फेरुच्चिओच्या तोंडून, त्यामुळे त्यात थोडा मसाला असणार हे धरून चाला. शिवाय नुसत्या रागावर कुणी कारखाना काढत नाही. धंदेवाईक माणूस होता तो. ओळखीचा पार्ट महागड्या गाडीत बसला की त्याची किंमत किती वाढते, हा हिशोब त्याला त्या दिवशी नक्की दिसला असणार.

1963 मध्ये बोलोन्याजवळ सांत'आगाता बोलोन्येसे इथं ऑटोमोबिली लॅम्बोर्गिनी उभी राहिली. इंजिनाचं काम दिलं जोत्तो बिझ्झारिनीला, जो आधी फेरारीत होता. करार गमतीशीर होता: ठरलेल्यापेक्षा जितके हॉर्सपॉवर जास्त, तितके पैसे जास्त. आपल्याकडे डेव्हलपरला कोडच्या ओळींवर बोनस दिला तर काय होईल? तेच झालं. बिझ्झारिनीनं साडेतीन लिटरचं व्ही-12 बनवलं, जे 9,800 आरपीएमपर्यंत जाऊन 360 च्या आसपास हॉर्सपॉवर द्यायचं. शर्यतीला झकास, पण रोज ऑफिसला नेण्यासाठी निरुपयोगी.

कारण झीज. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो. या धावपळीत कनेक्टिंग रॉडवर आणि बेअरिंगवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 9,800 ऐवजी 7,000 वर थांबलात तर हा ताण जवळजवळ निम्मा होतो. फेरुच्चिओला नेमकं हेच हवं होतं, लवकर न झिजणारं इंजिन. जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तांझानी या दोन तरुण इंजिनिअरांनी (दोघांची वयं तेव्हा तिशीच्या आत!) ते इंजिन माणसाळवलं: शर्यतीचे कार्बोरेटर काढून साधे वेबर बसवले, ड्राय संप काढला, ताकद 280 हॉर्सपॉवरवर आणली. बिझ्झारिनीला हे अजिबात आवडलं नाही.

1963 च्या तुरिन प्रदर्शनात पहिली गाडी ठेवली तेव्हा इंजिन बोनेटखाली बसतच नव्हतं. मग आत वजन भरलं आणि बोनेट बंदच ठेवलं. क्लायंटच्या डेमोला बटणामागं काहीच नसलेली स्क्रीन दाखवणारे आपण काही पहिले नाही, एवढाच दिलासा. पुढच्या वर्षी 350 जीटी खरोखर रस्त्यावर आली.

फेरुच्चिओला शांत, आरामशीर, वेगवान गाड्या हव्या होत्या. त्याच्या तरुण टीमला काहीतरी भन्नाट हवं होतं. त्यांनी कामाच्या वेळेबाहेर एक चेसिस बनवली, जिच्यात व्ही-12 इंजिन चालकाच्या पाठीमागं आडवं बसवलेलं. फेरुच्चिओनं बघितलं आणि जाहिरातीला बरी म्हणून परवानगी दिली. 1965 च्या तुरिन प्रदर्शनात नुसती चेसिस ठेवली, 1966 च्या जिनिव्हा प्रदर्शनात बेर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनीनं केलेल्या बॉडीसह पूर्ण गाडी आली. मिउरा. स्पेनमधल्या झुंजीच्या बैलांच्या एका घराण्याचं नाव. फेरुच्चिओची रास वृषभ, त्यामुळे लोगोही बैल.

आणि इथं मला त्याच्याबद्दल एक तक्रार आहे. आडवं व्ही-12 आणि गिअरबॉक्स मागच्या जागेत बसावेत म्हणून मिउरात दोन्हींचं ओतकाम एकच केलं होतं आणि दोघांना ऑइलही एकच. छोट्या मिनी गाडीत ही युक्ती आधी वापरली होती. जागा वाचते. पण गिअरचे दात घासून जो बारीक लोखंडी चुरा पडतो, तो त्याच ऑइलमधून इंजिनाच्या मऊ बेअरिंगपर्यंत पोचू शकतो. एका सर्व्हरवर दोन ॲप चालवायची आणि एकाचा मेमरी लीक दुसऱ्याला मारतो, तसा प्रकार.

त्यामुळे मिउराची तपासणी क्लचपेक्षा जास्त अवघड. साधारण गाडीत ऑइल फिल्टर कापून उघडला की आतला चुरा बोलतो. चुंबकाला चिकटला तर लोखंड, म्हणजे गिअर, कॅम किंवा रिंग. पिवळसर आणि चुंबकाला न चिकटणारा असेल तर पितळ, म्हणजे गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझर रिंगा. करडा मऊ चुरा किंवा तांबूस झाक दिसली तर इंजिनाचे बेअरिंग शेल, आणि मग गाडी तिथंच थांबवायची. मिउरात हे सगळं एकाच फिल्टरमध्ये येतं. इंजिन खराब आहे की गिअरबॉक्स, हे चुऱ्यावरून लगेच सांगता येत नाही. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, हवा भरून ती कुठून गळते ते ऐका (कार्बोरेटरकडून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आला तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टन रिंग), ऑइलचं प्रेशर इंजिन गरम असताना बघा. बारा वेळा. आणि बारा सिलिंडरचे चोवीस व्हॉल्व्ह आहेत, त्यांचे क्लिअरन्स वेगळेच. कंपनीनं शेवटच्या काही मिउरा एसव्हीमध्ये दोन्ही ऑइल वेगळी केली, तोवर गाडीचं उत्पादन संपत आलं होतं.

म्हणजे मालकाला गाडी समजली पाहिजे, दुरुस्त करता आली पाहिजे, म्हणून जो माणूस चिडला, त्याच्याच सगळ्यात सुंदर गाडीत झीज ओळखणं सगळ्यात कठीण. गाडी त्यानं स्वतः काढलेली नव्हती हे खरं. पण मंजुरी त्याची होती आणि नाव त्याचं होतं. ट्रॅक्टरच्या माणसानं ते एक ऑइल बघून पहिल्याच दिवशी भुवई उंचवायला हवी होती असं मला वाटतं. बहुधा त्यालाही ती गाडी बघून बाकीचं सुचलं नसेल. मिउरा बघितल्यावर कुणाचंही तेच होतं.

सत्तरचं दशक त्याला वाईट गेलं. ट्रॅक्टरची दक्षिण अमेरिकेतली एक मोठी ऑर्डर रद्द झाली, तयार माल पडून राहिला, कामगारांचे संप सुरू होते. 1972 मध्ये त्यानं कार कंपनीतला 51 टक्के हिस्सा जॉर्ज-आंरी रोसेत्ती या स्विस उद्योजकाला विकला, ट्रॅक्टरचा धंदा सामे कंपनीकडे गेला आणि 1974 मध्ये उरलेले 49 टक्केही रने लायमरला देऊन टाकले. तोवर 1971 मध्ये दाखवलेली कुंताश रस्त्यावर येण्याच्या बेतात होती. तिचे पोस्टर पुढची वीस वर्षं जगभरातल्या पोरांच्या खोल्यांत लागले, पण कंपनी फेरुच्चिओची राहिली नव्हती. नंतर ती दिवाळखोरीत गेली, हातोहात फिरली आणि 1998 मध्ये आउडीकडे आली.

फेरुच्चिओ उंब्रियात त्राझिमेनो तळ्याकाठी जमीन घेऊन द्राक्षं लावायला गेला. बापाचाच धंदा. वाइन काढली, तिचं नाव ठेवलं मिउराचं रक्त. 20 फेब्रुवारी 1993 ला पेरुजामध्ये, वयाच्या 76 व्या वर्षी तो वारला. बिझ्झारिनीनं बोनसच्या आशेनं बनवलेलं आणि त्या दोन पोरांनी माणसाळवलेलं ते व्ही-12 मात्र साडेतीन लिटरवरून वाढत वाढत साडेसहा लिटरपर्यंत गेलं आणि 2010 मध्ये मुर्सिएलागो बंद होईपर्यंत लॅम्बोर्गिनीच्या गाड्यांमध्ये बसत राहिलं.